आभासी बगदादमध्ये बोलायचं कुणाशी?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था आपल्या अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवते. स्पॅनिश किंवा फ्रेंच कामापुरती यायला साधारण 30 आठवडे लागतात, असा तिचा अनुभव आहे. अरबीसाठी हाच हिशेब 88 आठवड्यांचा, म्हणजे सुमारे 2,200 तासांचा होतो. यातला फार थोडा वेळ लिपीला लागतो. 28 अक्षरं, उजवीकडून डावीकडे लिहायची, शब्दातल्या जागेप्रमाणे रूप बदलणारी; नेटानं बसलं तर महिन्याभरात ती वाचता येऊ लागतात. अडचण त्यानंतर सुरू होते. वर्गात शिकवली जाणारी अरबी कुणाचीच मातृभाषा नाही.

चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञानं 1959 मध्ये एकाच भाषेची दोन रूपं वापरणाऱ्या समाजांवर एक निबंध लिहिला. त्याच्या चार उदाहरणांपैकी एक अरबी होतं. वृत्तपत्रं, बातम्या, शुक्रवारचं प्रवचन, न्यायालय, पाठ्यपुस्तकं यांची भाषा ‘फुसहा’. भाजी घेताना, भांडताना, पोराला झोपवताना वापरायची ती ‘आम्मिया’, म्हणजे बोली. ही बोलीही एक नाही. कैरोची वेगळी, दमास्कस-बैरूतची वेगळी, बगदादची वेगळी, आखाताची वेगळी, आणि मोरोक्कोची तर इराक्याला समजायलाही जड. आपल्याकडे मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणारा माणूस शाळेत प्रमाण मराठी शिकतो, तेव्हा ती प्रमाण मराठी निदान काही घरांत तरी रोज बोलली जात असते. फुसहा तशी कुठल्याच घरात बोलली जात नाही. तरी सुशिक्षित अरब माणूस एकाच संभाषणात दोन्हींमधून सहज ये-जा करतो. कुठे किती वर चढायचं आणि कुठे किती खाली उतरायचं, हे कळणं म्हणजेच अरबी येणं. हे पुस्तकातून येत नाही. ‘अल-किताब’ हे अमेरिकी विद्यापीठांतलं सर्वाधिक प्रचलित पाठ्यपुस्तक 1995 पासून आहे. पुढच्या आवृत्त्यांत त्यानं फुसहाच्या शेजारी इजिप्ती आणि शामी (दमास्कस-बैरूतकडच्या) बोलीचे धडे दिले. ही चांगली सुधारणा होती, पण पानावर दोन रकाने शेजारी छापले म्हणून कोणता कधी वापरायचा हे अंगात उतरत नाही.

यावरचा जुना उपाय एकच होता, तिकडे जाऊन राहायचं. 2011 पर्यंत दमास्कस हे परदेशी विद्यार्थ्यांचं आवडतं शहर होतं. राहणं स्वस्त, बोली गोड, लोक अगत्यशील. सना आणि कैरोलाही शेकडो जण जात. मग सीरिया युद्धात गेला, येमेन कोसळला, इजिप्तमध्ये उलथापालथ झाली. 1967 पासून कैरोत चालणारा अमेरिकी विद्यापीठांचा प्रगत अरबी अभ्यासक्रम 2013 मध्ये अम्मानला हलवावा लागला. 2020 च्या महामारीनं उरलेल्या वाटाही काही काळ बंद केल्या. आभासी जगात अरबी शिकण्याचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा. ज्या दमास्कसमध्ये जाता येईनासं झालं, ते पडद्यावर उभं करता येईल का? आणि केलं तर तिथे भाषा येईल का?

पहिले मोठे प्रयोग ‘सेकंड लाइफ’मध्ये झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅबनं 2003 मध्ये खुलं केलेलं हे जग खेळापेक्षा वसाहतीसारखं होतं. तुम्ही एक अवतार घ्यायचा, जमीन घ्यायची, घर बांधायचं, शेजाऱ्याशी बोलायचं. 2007 हे त्याचं भरभराटीचं वर्ष. मालदीव आणि स्वीडन यांनी तिथे दूतावास उघडले, अनेक देशांच्या भाषासंस्थांनी केंद्रं थाटली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘इस्लामऑनलाइन’नं तिथे मक्केची प्रतिकृती उभारून हजचे विधी पायरीपायरीनं शिकायची सोय केली. प्रत्यक्ष यात्रेला जाणाऱ्यांना तयारी व्हावी आणि मुस्लिमेतरांना विधींचा अर्थ कळावा, असा तिचा दुहेरी हेतू होता. ‘अल-अंदलुस’ नावाची एक वसाहतही तेव्हाच वसली. मध्ययुगीन स्पेनमधल्या मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती सहजीवनाची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून वेगवेगळ्या धर्मांची, देशांची माणसं तिथे कमानींखाली बसून राज्यव्यवस्थेवर वाद घालत. रीटा किंग आणि जोशुआ फाउट्स यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी कौन्सिलच्या आश्रयानं या सगळ्या जागा फिरून, लोकांशी बोलून ‘आभासी जगांतून इस्लाम समजून घेणं’ या विषयावर काम केलं.

या प्रयोगांचं मोल मी कमी मानत नाही. 2001 नंतरच्या दशकात एखादा अमेरिकी शिक्षक आणि एखादी इजिप्ती विद्यार्थिनी एका आभासी अंगणात समोरासमोर बसून बोलत होते, ही गोष्ट मोठी होती. पण भाषेच्या बाजूनं पाहिलं तर पदरात थोडंच पडलं, कारण ते बोलणं बहुतेक इंग्रजीत होत असे. कमानी, कारंजी, नक्षी, अजान, सगळं होतं. त्या कमानींखाली अरबीत भांडणारा, किंमत पाडून मागणारा, विनोद करणारा माणूस मात्र क्वचितच भेटे. वास्तू हुबेहूब उभी करायला उत्साही कारागीर पुरतात. समाज उभा करायचा तर त्या समाजातली माणसं रोज तिथे यावी लागतात.

इतर भाषांचं काय झालं तेही पाहायला हवं. स्पॅनिशसाठी मिनेसोटा विद्यापीठात ‘क्रोकेलांदिया’ हे जग उभं राहिलं. तिथे विद्यार्थ्यांना विनंती कशी करावी, माफी कशी मागावी याचा सराव मिळे. चिनीसाठी मिशिगन स्टेट विद्यापीठानं ‘झॉन’ काढलं. अरबीसाठी सर्वात जास्त पैसा, बुद्धी आणि वेळ खर्ची पडला तो सैन्याच्या आभासी जगावर, आणि या आढाव्यात सगळ्यात जास्त थांबायला हवं ते तिथेच.

2003 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधनसंस्थेच्या पैशानं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात लुईस जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रणाली बांधायला घेतली. आधी लेबनॉनच्या बोलीसाठी, मग इराकी बोलीसाठी. तिचं नाव ‘टॅक्टिकल इराकी’. पुढे ‘अलेलो’ नावाची कंपनी याच कामातून निघाली. गोळीबाराच्या खेळांसाठी तयार झालेलं ‘अनरिअल’ हे इंजिन त्यांनी घेतलं आणि त्यात बंदुकीच्या जागी बोलणं आणलं. एका भागात धडे आणि उच्चारांचा सराव, दुसऱ्या भागात मोहीम. शिकणारा गावात शिरतो, चहाच्या दुकानात बसलेल्या माणसांना सलाम करतो, आपण कोण ते सांगतो, गावचा प्रमुख कुठे भेटेल हे विचारतो. हे सगळं मायक्रोफोनवर, स्वतःच्या तोंडानं, अरबीत. यंत्र उच्चार ओळखतं आणि पडद्यावरची माणसं त्याप्रमाणे वागतात. सलाम न करता थेट कामाचं बोललं की त्यांचा विश्वास घटतो. डोळ्यांवरचा गॉगल काढला, हात छातीवर ठेवला, कुटुंबाची खुशाली विचारली की तो वाढतो. विश्वास पुरेसा असेल तरच पुढची माहिती मिळते.

शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनं हे उत्तम काम होतं. त्यांनी बोली शिकवली, फुसहा नाही. भाषा आणि शिष्टाचार वेगळे काढले नाहीत. चुकीला लाल फुली नव्हती; समोरच्या माणसाचा चेहरा उतरत असे. आजही बहुतेक भाषा-ॲप्स या पातळीला पोहोचलेली नाहीत. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या संस्थेनं बनवलेल्या ‘इलेक्ट बायलॅट’शी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. त्यात इराकी पोलीसप्रमुखाशी वाटाघाटी करायच्या असत. आधी चहा, मग गप्पा, मग विषय, हा क्रम शिकवला जाई, पण सगळी वाक्यं इंग्रजीतून निवडायची. भाषेवाचून शिकलेली संस्कृती ही अशी नियमांची यादी होऊन बसते.

तरीही ‘टॅक्टिकल इराकी’कडे पाहताना मन स्वस्थ राहत नाही. त्या गावातले इराकी लोक शिकणाऱ्याच्या मोहिमेसाठीच अस्तित्वात आहेत. ते माहिती देतात किंवा देत नाहीत. त्यांना स्वतःचे प्रश्न नाहीत, ते शिकणाऱ्याला ‘तू इथे का आलास?’ असं विचारून अडचणीत टाकत नाहीत. इराकी बोलीचं एवढं बारकाईनं केलेलं काम सशस्त्र परक्याला गावात शिरता यावं म्हणून झालं. त्यातून काही ठिकाणी गैरसमज टळले असतील, जीवही वाचले असतील, आणि ते नक्कीच चांगलं झालं. पण एका भाषेचं सर्वोत्तम आभासी जग तिच्या बोलणाऱ्यांनी न बांधता त्यांच्या देशावर ताबा मिळवलेल्या सैन्यानं बांधावं, याची रुखरुख मला वाटते. प्राग इथल्या चार्ल्स विद्यापीठातले वीत शिस्लर यांनी 2008 मध्ये लिहिलेल्या लेखात व्यापारी व्हिडिओगेममधल्या अरबांचं चित्र तपासलं आहे. कुठल्याही देशाचं नाव नसलेलं वाळवंट, पडकी गल्ली, चेहरा झाकलेला शत्रू, असं ते चित्र. त्याला उत्तर म्हणून दमास्कसच्या ‘अफकार मीडिया’नं ‘अंडर सीज’, ‘कुरैश’ असे खेळ काढले, त्यांचाही शिस्लर यांनी अभ्यास केला. पाश्चात्त्य खेळांत लिपीचेही हाल झाले. अक्षरं सुटी, उलट्या क्रमानं, अर्थहीन. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या 2009 मधल्या खेळात कराची शहरातल्या पाट्या उर्दूऐवजी अरबीत होत्या. इजिप्ती-डच गेमकार रामी इस्माईल अनेक व्यासपीठांवरून हे दाखवत आले आहेत. यामागे तांत्रिक कारणही आहे. बहुतेक इंजिनं डावीकडून उजवीकडे, सुट्या अक्षरांच्या लिपीसाठी बनली; ‘युनिटी’सारख्या लोकप्रिय इंजिनात अक्षरं जोडण्यासाठी बाहेरची जोडसाधनं आणावी लागत. पण एखाद्या अरबी वाचणाऱ्याला पडदा दाखवला असता तर चूक दोन मिनिटांत कळली असती.

म्हणून 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आलेला ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ महत्त्वाचा वाटतो. नवव्या शतकातलं बगदाद त्यात फिरता येतं. खलिफा अल-मन्सूरनं 762 मध्ये वसवलेलं गोल शहर, कालवे, बाजार, ग्रंथालयं. याच शहरात अल-ख्वारिझ्मीनं भारतीय अंकपद्धतीवर लिहिलं. खेळ संपूर्ण अरबी संवादांसह खेळता येतो, आणि शहराच्या इतिहासावर अभ्यासकांच्या मदतीनं तयार केलेल्या 66 नोंदी त्यात आहेत. ज्याला थोडी अरबी येते त्याच्यासाठी हे ऐकण्याचं उत्तम साधन आहे: बोलणारा दिसतो, प्रसंग कळतो, वाक्य पुन्हा ऐकता येतं. मात्र ती अरबी फुसहा आहे, आणि खेळणाऱ्यानं तोंड उघडायची गरज पडत नाही. गर्दीनं भरलेल्या त्या बाजारात तुम्ही कुणालाही खजुराचा भाव विचारू शकत नाही.

शरीराच्या भाषेबद्दलचे दोन अभ्यास इथे आठवतात. एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये माणसं एकमेकांत किती अंतर राखतात यावर पुस्तक लिहिलं. अरब समाजातली बोलतानाची जवळीक, थेट नजर, यांवर त्यात स्वतंत्र चर्चा आहे. निक यी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं की सेकंड लाइफमधले अवतारही प्रत्यक्षातल्यासारखंच अंतर पाळतात; दोन पुरुष-अवतार दोन स्त्री-अवतारांपेक्षा लांब उभे राहतात, नजरही कमी मिळवतात. म्हणजे आपल्या समाजाच्या सवयी आपण तिकडेही घेऊन जातो. हेडसेट आणि हातातली यंत्रं आल्यावर ही गोष्ट शिकवता येण्याजोगी झाली आहे. आखातात कॉफीची फिंजान उजव्या हातानं घ्यायची, पुरे झाली की हलकेच हलवून परत द्यायची. न हलवता दिली तर यजमान पुन्हा भरतो. चार आखाती देशांच्या या कॉफी-परंपरेची युनेस्कोनं 2015 मध्ये वारसा म्हणून नोंद केली. पुस्तकात हा एका ओळीचा मजकूर आहे. आभासी मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, तो हातानं करून, चुकून, पुन्हा करून शिकता येईल, आणि त्या वेळी यजमानाशी काय बोलायचं तेही.

उद्ध्वस्त शहरांची आभासी रूपं हा आणखी एक प्रवाह. 2018 मध्ये पॅरिसच्या अरब जगत संस्थेत मोसुल, अलेप्पो, पाल्मिरा आणि लेप्टिस मॅग्ना यांची भव्य आभासी सफर मांडली गेली. त्याआधी बासेल खर्ताबिल या सीरियन संगणकतज्ज्ञानं पाल्मिराची त्रिमितीय प्रतिकृती बनवायला घेतली होती. 2012 च्या मार्चमध्ये त्याला सीरियन राजवटीनं अटक केली. 2015 मध्ये ‘इसिस’नं पाल्मिराची मंदिरं सुरुंग लावून उडवली आणि त्याच वर्षी बासेलला देहदंड दिला गेला, कुटुंबाला ते कळलं 2017 मध्ये. त्याचं काम मित्रांनी ‘न्यू पाल्मिरा’ या नावानं सर्वांसाठी खुलं ठेवलं. अरबी शिकणाऱ्यानं या प्रतिकृतींमध्ये जरूर फिरावं. पण बाजाराचं छत परत आलं म्हणून तिथला गलका परत येत नाही. अलेप्पोच्या बोलीत त्या बाजाराची आठवण सांगणाऱ्या म्हाताऱ्यांचे आवाज त्या त्या जागी ठेवले, तर वारसा आणि भाषा दोन्ही एकत्र जपल्या जातील.

भाषेच्या बाजूनं आजवर सर्वात फलदायी ठरलेले उपक्रम मला आभासी जगांच्या बाहेरचे वाटतात. ‘नतकल्लम’ 2015 मध्ये सुरू झालं. घरदार सोडावं लागलेल्या सीरियन लोकांना त्यानं संगणकाच्या पडद्यावरून अरबी शिकवण्याचं काम मिळवून दिलं. शिकणाऱ्याला खरी बोली मिळते, शिकवणाऱ्याला मोबदला आणि मान. ‘सोलिया’ 2003 पासून अरब आणि पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना छोट्या गटांत बोलतं करते. 2012 मध्ये बेनगाझीत मारले गेलेले अमेरिकी राजदूत ख्रिस्तोफर स्टीव्हन्स यांच्या स्मरणार्थ 2015 मध्ये सुरू झालेला उपक्रमही अशाच देवाणघेवाणीला पैसा पुरवतो. यांच्याकडे कमानी नाहीत, कारंजी नाहीत. माणसं आहेत.

आता संवाद करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे आणि आभासी भाजीवाला खरोखर उत्तर देऊ शकतो. चुकांची भीती बाळगणाऱ्या प्रौढ शिकणाऱ्याला याचा मोठा उपयोग होईल. अवताराच्या आड लाज कमी वाटते. पण यंत्रं वाढली आहेत ती मुख्यतः लिखित मजकुरावर, आणि अरबीत लिखित म्हणजे बहुतांशी फुसहा. न्यूयॉर्क विद्यापीठाची अबूधाबी शाखा आणि कार्नेगी मेलनची कतार शाखा यांच्या संशोधकांनी 2018 मध्ये 25 अरब शहरांच्या बोलींतली वाक्यं गोळा करून खुली केली. असं काम अजून खूप व्हायला हवं. नाहीतर आभासी भाजीवाला बातम्या वाचल्यासारखं बोलेल, आणि शिकणाऱ्याला तीच बाजारची भाषा वाटेल.

आभासी जागेची मर्यादा धर्मपंडितांनी शिक्षणतज्ज्ञांपेक्षा लवकर आखली. 2021 च्या डिसेंबरमध्ये सौदी अरेबियानं काबातल्या काळ्या दगडाचं आभासी दर्शन सुरू केलं, तेव्हा तुर्कस्तानच्या धर्मखात्यानं काही आठवड्यांत स्पष्ट केलं की तयारी म्हणून ते ठीक, पण त्याला हज म्हणता येणार नाही. पाय जमिनीला लागले पाहिजेत. भाषेलाही मी हाच नियम लावेन. आभासी जग ही तयारी. या जगाची खरी ताकद आहे जागा आणि भाषेचा थर यांची सांगड घालण्यात. मशिदीत, न्यायालयात, वर्गात शिरलात की फुसहा, बाहेर रस्त्यावर आलात की बोली, शेजारच्या शहरात गेलात की तिसरीच बोली. अरबीची जी मूळ अडचण आहे, तिच्यासाठी याहून सोयीचं साधन दुसरं नाही, आणि एवढ्या वर्षांत अरबीसाठी ते मनापासून वापरलेलं मला दिसत नाही.

आपला या सगळ्याशी संबंध दूरचा नाही. आखाती देशांत सुमारे 90 लाख भारतीय राहतात. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक गावांत घरटी एक माणूस कुवेत, दोहा किंवा दुबईत गेलेला आढळतो. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे, दाऊदी बोहरांच्या ‘अल-जामिया-तुस-सैफिया’चं संकुल मरोळला आहे, मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या कुराणाची अरबी शिकवली जाते. पण बांधकामावर, दुकानात, दवाखान्यात काम करणाऱ्या आपल्या माणसाला लागते ती आखाताची बोली, आणि ती तो ऐकून ऐकून, मोडकीतोडकी उचलतो. अरब मालक आणि आशियाई कामगार यांच्यात तयार झालेल्या या तोडक्या अरबीवर भाषाशास्त्रज्ञांनी अभ्यास केले आहेत. तिच्यात काम भागतं, पण तक्रार नीट मांडता येत नाही, डॉक्टरला दुखणं सांगता येत नाही, करारातल्या अटीचा अर्थ विचारता येत नाही. सैनिकासाठी एवढं नेटकं आभासी गाव बांधता येतं, तर गवंडी, चालक आणि परिचारिका यांच्यासाठीही बांधता येईल.

त्याला महागडा हेडसेट लागत नाही. साध्या मोबाइलवर चालणारी वीस-पंचवीस प्रसंगांची मालिका पुरे: विमानतळावरची चौकशी, दवाखाना, कामगार कार्यालय, किराणा दुकान, मालकाकडून थकलेला पगार मागणं, आजाऱ्याच्या नातेवाइकाशी बोलणं. सूचना मराठीत, संवाद आखाती बोलीत, आवाज तिथल्याच माणसांचे, आणि त्यांना त्याचा मोबदला. विद्यापीठातले अरबी विभाग, आखातातली महाराष्ट्र मंडळं आणि परत आलेले जुने जाणते कामगार यांनी एकत्र बसावं. संवाद लिहायला सर्वात लायक माणसं कोकणातल्या गावांत निवृत्त होऊन बसली आहेत. कुठल्या प्रसंगी कोणता शब्द अडतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. कुणीतरी जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं, आणि ते याच वर्षी सुरू करावं.